उपयोग काय त्याचा?

मला 'क्यूआय' हा ब्रिटिश कार्यक्रम अतिशय आवडतो. हे वाक्य मी नातेवाइकांसमोर जितक्या वेळा उच्चारलं, तितक्या वेळा समोरून एकच प्रश्न आला आहे : "बरं, पण उपयोग काय त्याचा?" विचारणारे बदलतात, प्रश्न तोच. मामा विचारतात, आत्या विचारते, पुण्याचा धाकटा चुलतभाऊ विचारतो (जो स्वतः रोज दोन तास लोकांचे जेवतानाचे व्हिडिओ बघतो). यातले निम्मे लोक हा ब्लॉग वाचतात, हे मला पक्कं माहीत आहे. तेव्हा आज एकदाच काय ते लिहून टाकतो. पुढच्या वेळी कोणी विचारलं की सरळ लिंक देईन.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 'आयक्यू' उलटा केला की 'क्यूआय'. 'क्वाइट इंटरेस्टिंग', म्हणजे बऱ्यापैकी रंजक. जॉन लॉइड या निर्मात्याचा हा कार्यक्रम बीबीसीवर सप्टेंबर २००३ मध्ये सुरू झाला. आधी स्टीफन फ्राय सूत्रसंचालक होता, २०१६ पासून सँडी टॉक्सविग. समोर चार जण बसतात, बहुतेक विनोदवीर, आणि त्यातला ॲलन डेव्हिस कायमचा. पहिलं पर्व इंग्रजी 'ए' अक्षरावर, दुसरं 'बी'वर, असा सगळा कारभार. प्रश्न असे की उत्तर सहसा कोणाला येऊच नये. खरी गंमत गुणांत आहे. बरोबर उत्तराला गुण आहेत, पण रंजक उत्तरालाही आहेत, मग ते चूक का असेना. उलट सगळ्या जगाला पाठ असलेलं पण चुकीचं उत्तर दिलंत, की जोरात भोंगा वाजतो, तुमचं ते उत्तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळकतं आणि गुण कापले जातात. म्हणजे हा प्राणी हेच बोलणार हे त्यांनी आधीच ओळखून लिहून ठेवलेलं असतं! शेवटी गुण वाचून दाखवतात. ते कसे मोजले हे कोणाला कळत नाही आणि त्यावर कोणी भांडतही नाही, कारण जिंकून मिळत काहीच नाही.

एक नमुना. पहिल्याच पर्वात विचारलं, पृथ्वीला चंद्र किती? ॲलन म्हणाला, एक. भोंगा! उत्तर होतं दोन, कारण क्रुइथ्ने नावाचा एक लघुग्रह पृथ्वीच्या तालावर सूर्याभोवती फिरतो. पुढच्या पर्वांत त्यांनी हाच प्रश्न पुन्हा उकरून काढला आणि त्यांचं स्वतःचंच उत्तर बदललं. क्रुइथ्नेला चंद्र म्हणायला खगोलशास्त्रज्ञ तयारच नाहीत. बिचाऱ्या ॲलनला दोन्हीकडून मार. कर्जत लोकलमध्ये कानात यंत्र खुपसून मी हे ऐकत होतो आणि एकटाच हसत होतो. सीएसएमटी ते कर्जत सुमारे दोन तास लागतात. दोन तासांत चार भाग होतात. हा एक उपयोग झाला की नाही? :-)

पण विनोद बाजूला ठेवतो, कारण प्रश्न विचारणारे विनोदाने विचारत नाहीत. त्यांचं म्हणणं असं : माहिती दोन प्रकारची. एक उपयोगाची, म्हणजे परीक्षेला येणारी, नोकरी देणारी, पैसे मिळवून देणारी. दुसरी फालतू. क्यूआय दुसरीतला. माझं म्हणणं असं की ही वाटणीच मुळात खोटी आहे, आणि तिने आपलं जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्याही फालतू माहितीने केलेलं नाही.

जरा आठवून बघा. ब्रिटनमध्ये १९९८ साली 'हू वॉन्ट्स टु बी अ मिलियनेर' सुरू झाला. जुलै २००० मध्ये तो 'कौन बनेगा करोडपती' होऊन आपल्या घरात आला. दोन वर्षं लागली नाहीत. २०१३ मध्ये तो मराठीतही आला, सचिन खेडेकरांना घेऊन. माझा त्या कार्यक्रमावर राग नाही, आमच्या घरीही ताटं घेऊन सगळे टीव्हीसमोरच बसायचे. पण क्यूआयला आता वीसहून अधिक वर्षं झाली. नेदरलँड्सने त्याची आपली आवृत्ती काढली, स्वीडनने काढली. आपल्याकडे कोणाला ती काढाविशी वाटली नाही. विनोदवीरांची कमतरता म्हणाल तर मराठी वाहिन्यांवर विनोदाशिवाय दुसरं फारसं काही नसतंच. मग अडलं कुठे? माझ्या मते अडलं ते इथे : एका खेळात चार पर्याय, एक बरोबर उत्तर आणि त्याची किंमत रुपयांत. हे आपल्याला लगेच कळलं, कारण आपली शाळा, क्लास आणि स्पर्धा परीक्षा याच साच्यातल्या. दुसऱ्या खेळात उत्तर चुकलं तरी चालतं, पाठांतराला शिक्षा होते आणि काही पर्वांत तर 'हे कोणालाच माहीत नाही' हेच बरोबर उत्तर असतं. हे आपल्या पचनी पडत नाही. 'माहीत नाही' म्हणणारा आपल्याकडे ढ ठरतो. त्यामुळे कोणी म्हणतच नाही.

आता हा भोंगा घेऊन जरा आमच्या कर्जत-खालापुरात फिरू. तुमच्या तालुक्यातही हेच दिसेल, पण मी इथे राहतो म्हणून इथलं सांगतो.

कर्जत कुठल्या जिल्ह्यात? "रायगड!" भोंगा. निदान अर्धा तरी. एक कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे (पूर्वीचं अहमदनगर), आणि निवडणुकीच्या बातम्यांत जे कर्जत-जामखेड ऐकता ते तिकडचं. आमचं कर्जत आज रायगडात, त्याआधी कुलाबा जिल्ह्यात, आणि एकोणिसाव्या शतकात ठाणे जिल्ह्यात होतं. रायगड हे जिल्ह्याचं नाव १९८१ पासूनचं. आणि तो कुलाबा म्हणजे मुंबईचा कुलाबा नव्हे, अलिबागसमोरच्या समुद्रातला किल्ला.

मेल-एक्सप्रेस गाड्या वर्षानुवर्षं कर्जतला का थांबत आल्या? "वडापाव!" भोंगा, आणि तोही लांबलचक. पुढे बोरघाटाचा चढ सदतीसास एक आहे. एका इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागत. त्यांना रेल्वेवाले बँकर म्हणतात. थांबा आधी आला, वडापाव मागून.

हा घाट-रेल्वेमार्ग कोणी बांधला? "इंग्रजांनी." भोंगा. म्हणजे खोटं नाही, पण सगळ्यांना पाठ असलेलं आणि काहीच न सांगणारं उत्तर. १८५६ साली काम सुरू झालं, पहिल्या कंत्राटदाराने १८५९ मध्ये काम सोडलं. त्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोचून थोड्याच दिवसांत मेला. तेव्हा ते कंत्राट त्याच्या विधवा पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने हातात घेतलं, इंजिनिअर नेमले, आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. १८६१ च्या सुमारास या कामावर ४२,००० माणसं राबत होती. त्यातल्या एकाचं तरी नाव आपल्याला सांगता येतं का? लोकांनी एक नाव जपलं आहे, शिंगरोबा. धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखवली आणि साहेबाने त्याला गोळी घातली, अशी कथा आहे. जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे, ड्रायव्हर जाता-येता नाणं टाकतात. ही आख्यायिका आहे, कागदावरचा पुरावा नव्हे. पण ४२,००० निनावी माणसांच्या घाटात लोकांनी एका निनावी माणसाला नाव देऊन देव केलं, ही गोष्ट मला 'बऱ्यापैकी'हून जास्त रंजक वाटते.

कोंढाणा म्हटलं की? "तानाजी!" भोंगा. कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याला कोंढाणे लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथे ब्राह्मी अक्षरांत कोरलं आहे की कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. अख्ख्या सह्याद्रीत शेकडो लेणी, बहुतेकांवर दान देणाऱ्यांची नावं. इथे एका करणाऱ्याने सही ठोकून ठेवली आहे! आणि आपण तिथे धबधब्याखाली रील काढून परत येतो.

महडचा गणपती कुठे? चवदार तळ्याच्या महाडला जाऊन वरदविनायक शोधू नका. अष्टविनायकातलं महड खोपोलीजवळ, खालापूर तालुक्यात. १९२७ च्या सत्याग्रहाचं महाड दूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. एका कान्याचा फरक, आणि गाडीने काही तासांचा.

शेवटचा, माझा सगळ्यात लाडका. पाताळगंगेचं पाणी कुठून येतं? "सह्याद्रीत उगम पावते" हे पुस्तकी उत्तर. भोंगा. १९१५ पासून खोपोलीला टाटांचं वीजकेंद्र आहे. लोणावळ्याच्या बाजूला धरणं बांधून अडवलेलं पाणी नळांतून खाली सोडतात, वीज करतात आणि मग ते पाताळगंगेत जातं. हे पाणी मूळचं पूर्वेकडे जाणारं. त्याला इंद्रायणी, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला मिळायचं होतं. माणसाने त्याचं तोंड फिरवलं आणि ते अरबी समुद्राला जाऊ लागलं. भिवपुरीलाही १९२२ पासून हेच, फक्त तिथलं पाणी उल्हास नदीत उतरतं. आता मला सांगा, ही माहिती फालतू आहे? घाटावरच्यांचं पाणी घाटाखाली आलं, त्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरल्या, आणि या पाण्यावर हक्क कोणाचा हा प्रश्न शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही. 'उपयोगाच्या' पुस्तकात यातलं एक वाक्य येतं : "खोपोली – जलविद्युत केंद्र". एक गुण.

माझा मुद्दा एवढाच आहे. 'उपयोग काय' हा प्रश्न माहितीची किंमत करत नाही, तो कुतूहलाचं तोंड बंद करतो. ज्याला फालतू म्हणून बाजूला काढलं, ते सगळं नेमकं आपल्या पायाखालचं निघालं.

आमच्या भागात सध्या जमिनीचा बाजार जोरात आहे. वीकएंड, फार्महाउस, सेकंड होम. जाहिरातीत गावाचं वर्णन काय, तर मुंबईपासून इतक्या मिनिटांवर. गाव म्हणजे अंतर! आणि ज्यांना त्या जमिनीतलं खरोखर काही ठाऊक आहे ते ठाकर आणि कातकरी मात्र आपल्या हिशोबात अडाणी. पहिल्या पावसात स्टेशनबाहेर ठाकर बाया शेवळं घेऊन बसतात, शेजारी काकडाची फळं. शेवळं ही भाजी म्हणजे रानसुरणाच्या जातीचा फुलोरा. ती काकडासारखं आंबट घातल्याशिवाय शिजवली तर घसा असा खाजतो की विचारू नका. हे ज्ञान कुठल्या परीक्षेला येत नाही. कुठल्या रानभाजीचं काय खायचं, कधी खायचं, कशाबरोबर खायचं, हे सांगणाऱ्या बाईला आपण दहा रुपये कमी कर म्हणतो आणि घरी येऊन टीव्हीवर सामान्य ज्ञानाचा कार्यक्रम लावतो.

आता जरा गंभीर. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकरांची वाडी. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं, असं सरकारने दुसऱ्याच दिवशी सांगितलं. यादीत नाव असतं तर माणसं वाचली असती का, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही, मीही सांगत नाही. पण यादी म्हणजे शेवटी काय? उत्तरपत्रिकाच. जे तिच्यात नाही ते विचारायचं नाही, हे आपण लहानपणापासून शिकतो. क्यूआय पाहून दरडी थांबत नाहीत, हे मला कळतं. मात्र यादीबाहेरचं विचारणाऱ्याला ज्या समाजात "रिकामटेकडा" म्हणतात, तिथे याद्या अपुऱ्याच राहणार, हेही मला कळतं.

आता ब्लॉगर मित्रांचे आक्षेप. ते नातेवाइकांपेक्षा हुशारीने भांडतात. पहिला : हा सगळा केंब्रिज छापाचा शिष्टपणा आहे. आहेच. स्टीफन फ्राय केंब्रिजचाच. भारत त्या कार्यक्रमात येतो तो बहुतेक वेळा नवलाई म्हणून, साहेबाच्या कपाटातल्या वस्तूसारखा. म्हणूनच तर म्हणतो, प्रश्न आपण विचारायला हवेत. दुसरा : माहिती म्हणजे ज्ञान नव्हे. वाक्य भारदस्त आहे, पण माहितीशिवायचं ज्ञान मी तरी अजून पाहिलेलं नाही. तिसरा : आता गूगल आहे, उत्तर देणारी यंत्रं आहेत, मग डोक्यात कशाला भरायचं? अहो, यंत्र विचारलेल्याचं उत्तर देतं. पाताळगंगेचं पाणी उलटं वाहतं हे ठाऊक नसेल तर तुम्ही विचारणार काय?

चौथा आक्षेप सगळ्यात चांगला : त्यांचीही माहिती चुकते. हो, चुकते. आणि तिथेच मी त्यांच्या प्रेमात पडलो. 'के' अक्षराच्या पर्वात ज्ञान या विषयावरचा एक भाग होता. त्यात त्यांनी उघड सांगितलं की तथ्यांचंही आयुष्य असतं, आमच्या जुन्या पर्वांतली काही उत्तरं आता खोटी ठरली आहेत. आणि त्या उत्तरांपायी कापलेले गुण परत दिले! याच्या शेजारी आपले कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुप ठेवून बघा. 'युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं' हा निरोप धादांत खोटा आहे, हे किती वर्षांपूर्वी स्पष्ट झालं. तरी दर १५ ऑगस्टला तो येतो, खाली हात जोडलेले आणि झेंडे. खोटं आहे म्हणावं तर "तुला देशाचा अभिमान नाही का?" त्या ग्रुपवर कोणी कधी गुण परत दिलेत? तिथे भोंगाच नाही. आणि भोंगा नसलेल्या घरात सगळ्यात मोठ्या आवाजात बोलणारा बरोबर ठरतो.

मामा, आत्या, रागावू नका. तुम्हीच लहानपणी मला कोडी घातली होती, रात्री गॅलरीत झोपताना तारे दाखवले होते. तेव्हा उपयोग काय असं कोणी विचारलं नव्हतं. या गणपतीत सगळे जमू तेव्हा अंताक्षरीच्या आधी अर्धा तास हा खेळ खेळू. प्रत्येकाने आपल्या गावाबद्दल एक प्रश्न आणायचा. पाठ उत्तराला उणे दहा, रंजक उत्तराला गुण, आणि 'माहीत नाही' म्हणणाऱ्याला एक जादा मोदक. भोंगा म्हणून पितळी ताट आणि पळी चालेल.

ज्यांना येता येणार नाही त्यांनी आपापल्या तालुक्याचा प्रश्न खाली प्रतिक्रियेत टाका. उत्तर लगेच देऊ नका. जरा डोकं खाजवू द्या लोकांना.